नसलेल्याचा घास

रजेच्या यादीत माझा नंबर चौऱ्याऐंशी होता, आणि माझ्या पुढचे त्र्याऐंशी जण रबराचे होते.

हसू नका. मीही पहिल्यांदा हसलो होतो, नंतर दात आवळायची सवय लागली. मी हवालदार सर्जेराव खुस्पे, राहणार आंबवणी, तालुका पाटण. लढाईचं तिसरं वर्ष चालू होतं आणि आमची चौकी साडेपाच हजार मीटरवर, बर्फाच्या एका धारेवर चिकटलेली होती. कागदावर एकशेवीस जवान. त्यात जेवणारे दोन. एक मी आणि दुसरा नायक पुरुषोत्तम ढोमणे, चंद्रपूरचा, यंत्रांचा कारागीर. बाकीच्या एकशेअठरांना सरकारी भाषेत 'प्रतिरूप सैनिक' म्हणत. आम्ही त्यांना बुजगावणी म्हणायचो. शेतात पाखरं येऊ नयेत म्हणून उभं करतात, तेच. फक्त आमची पाखरं जरा उंचावरून उडायची.

आता बुजगावण्यांना रजा कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. आमचे मेजरसाहेब खाली तळावर बसत आणि पडद्यावरून बोलत. बोलत हिंदीत, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"खुस्पे, ज्या चौकीवरून वर्षभर एकही जवान घरी जात नाही, ती चौकी शत्रूला खरी वाटेल का?"

"नाही वाटणार साहेब. मग आम्ही दोघं जातो ना. आम्ही खरे आहोत."

"पाळी म्हणजे पाळी. सैन्यात पक्षपात चालत नाही."

बोला आता. रबराशी पक्षपात नको म्हणून हाडामांसाचा माणूस चौऱ्याऐंशीव्या नंबरवर. ढोमणे तर एकशेबारावा. तो म्हणायचा, "हवालदार साहेब, माह्या पाळीपर्यंत माही पोरगी आजी होऊन जाईन."

त्याला चेष्टा सुचायची. मला सुचत नव्हती, कारण घरी तात्या विसरत चालले होते.

तात्या म्हणजे माझे वडील, निवृत्त सुभेदार. आयुष्यभर ज्या माणसानं पलटणीतल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि बुटाचं माप पाठ ठेवलं, तो आता म्हशीचं नाव विसरला होता, मग सुनेचं विसरला. आठवड्यातून एकदा मला पाच मिनिटं घरी बोलता यायचं. शालन, माझी बायको, त्यातली चार मिनिटं तात्यांचंच सांगायची.

"सगळं गेलं हो. मला विचारतात, बाई तू कुणाची. एक तुमचं नाव तेवढं राहिलंय. सकाळी उठले की विचारतात, सर्जा कधी येतोय? कराडचे डॉक्टर म्हणाले, तेही तीन-चार महिन्यांचं. नंतर समोर उभे राहिलात तरी ओळखायचे नाहीत. यायचं तर आता या."

"पाळी चौऱ्याऐंशी आहे गं."

"तुमच्या पाळीला आग लागो," शालन म्हणाली आणि फोन बंद झाला. पाच मिनिटं संपली होती.

हा सगळा खेळ कशासाठी, तेही सांगून टाकतो. शास्त्र सोपं आहे. ढोमणेनं मला दोन कप चहात समजावलं होतं.

पलीकडच्यांचं एक बिनमाणसाचं विमान आमच्या डोक्यावर वीस किलोमीटर उंचीवर रात्रंदिवस घिरट्या घालतं. आम्ही त्याला घार म्हणतो. ही घार तीन तऱ्हांनी बघते. एक, उष्णता. कुठलीही गरम वस्तू न दिसणारे किरण बाहेर टाकत असते, आणि उणे वीस अंशांच्या बर्फात माणूस म्हणजे पेटलेली शेगडीच. दुसरं, रेडिओ लहरी. त्या छातीवर आपटून परत जातात. श्वासाबरोबर छाती जी दोन-चार मिलीमीटर हलते, तेवढ्यानंसुद्धा परत गेलेली लहर बदलते, आणि खाली जिवंत कोण आहे ते घारीला कळतं. तिसरं, आठवण. कोण कधी उठतो, कसा चालतो, कुठं बसतो, हे घार महिनोन्‌महिने साठवत राहते, आणि तिचा संगणक त्यावरून ठरवतो की हा माणूस की सोंग. शेवटी आकडा निघतो. आकडा मोठा असला तर हल्ला करत नाहीत, लहान असला तर करतात. आमचीही घार त्यांच्यावर फिरते आणि आमचाही संगणक तेच करतो. लढाई गोळ्यांची राहिलीच नव्हती, डोकी मोजायची झाली होती.

म्हणून बुजगावणी. कातडीखाली गरम पाण्याच्या बारीक नळ्या, छातीत भाता, मिनिटाला पंधरा वेळा वरखाली, गुडघ्यात मोटर. नाक गार आणि गाल गरम ठेवण्यापर्यंत सगळी काळजी घेतलेली. माणसाचे जीव वाचतील, असं पहिल्या तुकडीबरोबर आलेल्या पत्रात लिहिलं होतं, आणि मला ते पटलंही होतं. खोटं कशाला बोलू?

पण पहिली तुकडी नवव्या दिवशी उडवली गेली. चाळीस बुजगावणी फुटली. घारीनं ओळखलं होतं. कसं, ते ढोमणेनं एका वाक्यात सांगितलं.

"हे लय शिस्तीत वागून राहिले होते ना साहेब. पाचच्या ठोक्याले उठते, सरळ रांगेत चालते, कामचुकारपणा नाई. असा मानूस राह्यते का कुठी?"

खाली तळावर ते पटलं. हुकूम आला की बुजगावण्यांत सवयी भरा. महिनाभर माझ्या अंगावर पट्ट्या आणि तारा बांधून ठेवल्या. मी खांबाला पाठ कशी घासतो, पहाऱ्यावर असताना दगडाआड कधी जातो, पत्ते हरलो की कसा उठून फेऱ्या मारतो, सगळं नोंदलं गेलं आणि थोडं थोडं करून बुजगावण्यांत वाटलं गेलं. शाळेत गुरुजी म्हणायचे, खुस्पे, तुझ्या आळसाचा जगाला काडीचा उपयोग नाही. गुरुजी असते तर दाखवलं असतं.

एक नंबरच्या बुजगावण्यात मात्र मी सगळाच भरला गेलो. माझी उंची, माझे खांदे, डाव्या पायावर जरा दबून चालणं, माझ्या आवाजातली दोन-चार वाक्यंसुद्धा. छातीवर नावाची पट्टीही माझीच, 'हवा. खुस्पे स.' आणि या सगळ्याबरोबर नकळत आमच्या घरातली एक रीतही त्यात गेली.

तात्या तरुण असताना त्यांच्या चौकीत पाच जण होते. एकदा गस्तीवर गेलेला नामदेव नावाचा गडी जेवणाच्या वेळेपर्यंत परतला नाही. आचाऱ्यानं त्याचं ताट वाढून ठेवलं होतं. तो कधीच परतला नाही. त्या दिवसापासून तात्या जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवायचे आणि एक घास ताटाबाहेर काढून ठेवायचे. पंगतीत जो असायला हवा आणि नाही, त्याचा. आमच्या घरात त्याला नसलेल्याचा घास म्हणतात. मी सैन्यात गेल्यापासून तो घास माझा. रजेवर मी घरी आलो की मात्र तात्या घास काढत नसत. ताटाकडे बघून म्हणत, "आज पंगत पुरी," आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घालत. मला वाटतं, त्यांनी माझं कौतुक केलं ते एवढंच.

चौकीवर मी तात्यांच्या नावानं घास काढायचो. एक नंबर काढायला लागलं, त्याचं बघून बाकीची काढायला लागली. ती एकमेकांचं बघून शिकतात, तशीच त्यांची रचना आहे. महिनाभरात दुपारी बारा वाजता एकशेअठरा रबरी हात रिकाम्या ताटांभोवती पाणी फिरवायला लागले. मला बघवेना. ढोमणेला म्हटलं, काढून टाक ते. तो म्हणाला, "राहू द्या ना. त्यानंच तर मानूस वाटते."

मग एका दुपारी मी दुर्बीण पलीकडच्या धारेवर लावली. त्यांच्याकडेही जेवण चाललं होतं. चाळीस-पन्नास जण ओळीनं बसलेले. आणि एका दमात सगळ्यांचे उजवे हात ताटाभोवती फिरले, आणि सगळ्यांनी ताटाबाहेर काहीतरी ठेवलं.

मी दुर्बिणीची काच पुसून पुन्हा बघितलं. मग ढोमणेला ओरडून बोलावलं.

"बाप्पा!" तो म्हणाला. "हे तर तुमच्या तात्यांचं होय. तिकडं कसं गेलं?"

कसं गेलं ते त्यानंच पाच मिनिटांत सांगितलं. त्यांची घार आमच्याकडे बघत होती. खरी माणसं कशी वागतात, हे ती आमच्या बुजगावण्यांकडून शिकली, आणि त्यांनी तेच आपल्या बुजगावण्यांत भरलं. पलीकडच्या जिवंत माणसाला आंबवणीच्या सुभेदाराची रीत कळायचं कारणच नाही. म्हणजे तिकडेही सगळी बुजगावणीच. सगळी म्हणजे, एक सोडून. ओळीच्या टोकाला एक जण उभा होता. तो पाणी फिरवत नव्हता, डोकं खाजवत त्या ओळीकडे बघत होता आणि मधूनच आमच्याकडे. मी हात वर केला. थोड्या वेळानं त्यानंही केला. बिचारा, त्याचाही रजेचा नंबर सत्तर-ऐंशीच असणार.

मी तडक मेजरसाहेबांना पडद्यावर बोलावलं.

"साहेब, पलीकडे कुणी नाही. दोन-तीन माणसं आहेत फार तर. बाकी सगळं रबर. दोन्हीकडं रबर रबराला घाबरवतंय. हे थांबवता येईल साहेब. आजच थांबवता येईल."

साहेबांनी समोरच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"खुस्पे, ही फार मोठी बातमी आहे. शत्रूनं आपली नक्कल केली. म्हणजे आपला माल किती अस्सल आहे बघा. मी आणखी तीनशे मागवतो."

"साहेब, पण तिकडं माणसंच नाहीत. मी आणि ढोमणे चालत जाऊन..."

"चालत गेलात तर आपली संख्या दोननं कमी होईल. घार मोजतेय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे बाहेर बोलू नका. पलीकडे कुणी नाही म्हटल्यावर इथल्या जवानांचं मनोधैर्य खचेल."

मी मागे वळून इथल्या जवानांकडे बघितलं. एकजण पाठ खांबाला घासत होता.

आठव्या दिवशी हुकूम आला. 'असाधारण कामगिरीबद्दल हवालदार खुस्पे स. यांना तीस दिवसांची खास रजा.'

मी तो कागद पाच वेळा वाचला. ढोमणेला मिठी मारली. घरी पाच मिनिटांचा फोन लावला आणि तिसऱ्या सेकंदाला ओरडलो, "शालन, येतोय!" ती रडायलाच लागली. मग मला ऐकू आलं, ती लांबून तात्यांना सांगत होती, सर्जा येतोय, सर्जा येतोय. आणि तात्यांचा आवाज, जुना, खणखणीत: "मग कोंबडं काप की बाई, बघतीस काय?"

दाढी केली. बूट घासले. पोराच्या लग्नाला निघाल्यासारखा पिशवी घेऊन गाडीची वाट बघत उभा राहिलो. गाडी आली. चालकानं कागद काढला, नावाच्या पट्ट्या बघत बघत एक नंबरच्या बुजगावण्यापाशी गेला, त्याला उचललं आणि मागच्या बाकावर पट्ट्यानं बांधलं.

"ओ, ओ! हुकूम माझा आहे."

चालकानं कागद माझ्यापुढं धरला. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, आनंदाच्या भरात मी वाचलीच नव्हती: 'वरील रजा प्रतिरूप क्रमांक एक यास लागू.'

मी पडद्यावर साहेबांना काय काय बोललो, ते इथं लिहीत नाही. साहेब शांत होते. कामगिरी कुणाची? घारीनं घास काढताना कुणाला बघितलं? प्रतिरूपाला. बक्षीस त्यालाच जाणार. आणि घार त्याच्या मागावर घरापर्यंत जाणार, तेव्हा त्याला गोदामात टाकून चालणार नाही, तो खुस्प्यांच्या घरीच गेला पाहिजे. कुटुंबाला सूचना गेल्या आहेत. ओवाळायचं, अंगणात खुर्चीवर बसवायचं, दोन्ही वेळा ताट वाढायचं.

"साहेब, माझा बाप मला विसरायला लागलाय. त्याच्यासमोर ते रबर नेऊन बसवणार तुम्ही?"

"तुमची भावना मी समजू शकतो. आता तुमचा नंबर त्र्याऐंशी झाला. एक जण गेला ना. अभिनंदन."

मी पडदा बंद केला. बाहेर गेलो आणि पिशवी बर्फावर आपटली. बूट चांगले घासलेले होते, त्यांचाही राग आला. बावीस वर्षं काढली सैन्यात. भूक काढली, थंडीनं दोन बोटं गेली, कधी म्हटलं नाही की नको. पण माझी रजा माझ्या रबरानं खावी, याला काय म्हणायचं?

पुढच्या आठवड्यात शालनचा फोन आला. तिचा आवाज ओशाळलेला होता.

"आला तो. तहसील कचेरीतला माणूस उभा होता फोटो काढायला, म्हणून ओवाळावं लागलं. सारं गाव गोळा झालं. तुमच्या चुलत्यानं तर त्याला हार घातला."

"तात्या?"

"तात्या..." ती थांबली. "दिवसभर त्याच्याशेजारी बसतात. बोलतात त्याच्याशी. पावसापाण्याचं, पलटणीचं. परवा त्याच्या गुडघ्यावर घोंगडी टाकली. अहो, रागवू नका, पण कितीतरी महिन्यांत एवढं बोलले नव्हते ते. खूश आहेत."

मला एकच विचारायचं होतं. जेवताना तात्या घास काढतात का? काढत नसतील तर पंगत पुरी झाली. म्हणजे त्यांचा सर्जा आला, आणि मी गेलो. एवढा साधा प्रश्न, पण मी म्हशीच्या दुधाचं विचारत बसलो. पाच मिनिटं तशीच संपली.

मी ढोमणेपाशी गेलो. "मी चाललो. पळून म्हण, काही म्हण. पाळी येईल तेव्हा जाऊन काय करू? रबराच्या मांडीला मांडी लावून पाहुणा म्हणून बसू?"

ढोमणेनं हातातला पाना खाली ठेवला. त्यानं मला समजावलं नाही. थोडा विचार केला आणि म्हणाला, "पळता कायले? रजेवर जा ना. उद्या एक्केचाळीस नंबर जाऊन राहिला रजेवर. त्याच्याऐवजी तुमी."

"आणि घार?"

"घारीले काय दिसते? गरम आहे, श्वास घेते, डाव्या पायावर दबून चालते. तुमी अस्सल नक्कल हाय तुमची." मग गंभीर झाला. "फक्त श्वास पंधराच ठेवा. जास्त घेतला तर बिघाड समजून उतरवतीन. पत्त्याच्या जागी मी आंबवणी लिहितो. कोन वाचते?"

"तू एकटा राहशील इथं."

"एकशेसतरा जण हायत ना," तो म्हणाला. हसला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्केचाळीसची पट्टी छातीला लावून मी बाकावर ताठ बसलो. चालकानं मला बांधलं, हातही आवळून. खाली पहिल्याच नाक्यावर दोन जवान यंत्र घेऊन चढले. एकानं ते माझ्या कपाळाला लावलं.

"एक्केचाळीस. तापमान बरोबर. श्वास पंधरा, बरोबर." त्यानं माझ्या गालावरून बोट फिरवलं. "आयला, ह्या नव्या मालाला दाढीची खुंटंसुद्धा आहेत. बघ."

दुसरा वाकून बघू लागला. पोरगेलासा चेहरा, माझ्या पुतण्याच्या वयाचा. मला एवढंच सुचत होतं की, बाबा रे, मी आहे, माणूस आहे, जरा पाणी दे. पण पंधरा. पंधरा. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र मोजून थांबवता येईना.

"डोळ्यांतनं पाणी येतंय ह्याच्या."

"गळती असेल. शेरा मार, परत आल्यावर दुरुस्ती."

त्यांनी माझ्या पट्टीवर 'गळती' असं लिहिलं आणि उतरले. त्यानंतर चार दिवस, दोन गाड्या आणि एक मालडबा. कुठंही मला कुणी विचारलं नाही. खरं सांगू का, बावीस वर्षांत माझी एवढी काळजी कधी घेतली गेली नव्हती. 'वर ठेवा, दाबू नका' असा कागद पाठीवर होता.

आंबवणीत मला दारात उतरवलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. शालननं पोचपावतीवर सही केली. गाडी वळणाआड गेल्यावर ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "आता आणखी एक कशाला? एकाचंच करताना जीव मेटाकुटीला आलाय."

"शालन, मी आहे गं."

तिनं हात कमरेवरून काढला नाही. "तोही बोलतो असं," ती म्हणाली. माझी जीभ मग सैल सुटली. घार, मेजर, यादी, सगळ्यांचा उद्धार केला. तिसऱ्या शिवीला तिनं तोंडावर पदर घेतला आणि पुढं येऊन माझ्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. असं मारणं कुणा रबराच्या वाट्याला येत नाही.

तात्या अंगणात होते. दोन खुर्च्या, एकीवर ते, दुसरीवर एक नंबर. त्याच्या गुडघ्यावर आमची जुनी काळी घोंगडी. किती वाळले होते तात्या! मिशा मात्र तशाच पीळ दिलेल्या. मी समोर जाऊन सलाम ठोकला. त्यांचा हात आपोआप कपाळाला गेला, पण डोळ्यांत काही हललं नाही.

"कुठली पलटण रं?"

"तात्या, मी सर्जा."

"आं? सर्जा नाव होय तुझं?" ते हसले. "आमच्या पोराचंबी तेच. बस, बस. जेवायची वेळ झाली."

उशीर झाला होता. चार दिवसांचा, चार महिन्यांचा, देव जाणे. शेजारी एक नंबर बसला होता, माझ्याच खांद्यांनी, माझ्याच मानेनं, आणि तात्यांचा हात त्याच्या पाठीवर होता.

शालननं सोप्यात ताटं मांडली. ज्वारीची भाकरी, झणझणीत पिठलं, कांदा. तात्या, त्यांच्या डावीकडे एक नंबर, उजवीकडे मी. तात्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. मीही फिरवलं, आणि पलीकडे रबरी हातही त्याच वळणानं फिरला. तात्यांनी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, घास हातात धरला. मी श्वास रोखून धरला होता. माझा सर्जा आला, असं त्यांना वाटत असेल तर ते आता म्हणणार, आज पंगत पुरी, आणि घास तोंडात घालणार. शालनही बघत होती. तिलाही कळत होतं.

तात्यांनी घास ताटाबाहेर ठेवला.

"कुणाचा हो, तात्या?" मी विचारलं.

"माझ्या पोराचा. वर बर्फात हाय तो. रजाच देत नाहीत त्याला, मुडदा बशिवला त्यांचा." मग मान डावीकडे करून हळूच म्हणाले, "ह्यो सरकारनं धाडलाय. रबर हाय. मला काय कळत न्हाय व्हय? सून बिचारी मन लावून वाढती त्याला, तिला वाईट नको वाटाय म्हणून बोलत असतो."

शालन भाकरी टाकायची सोडून तशीच बसून राहिली. जे संगणकांना, मेजरला आणि साऱ्या गावाला कळलं नव्हतं, ते या विसरलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि त्याचा मुलगा त्याच्या उजवीकडे बसला होता, ते त्याला माहीत नव्हतं.

मला राहवलं नाही. मी हात पुढं केला. तो घास माझा होता. बावीस वर्षं माझाच होता.

तात्यांनी माझं मनगट पकडलं. त्या वाळक्या हातात अजून सुभेदाराची पकड होती.

"हात काढ. पाहुणा हायेस, पायजे तेवढं मागून घे. त्याला हात लावायचा न्हाय. माझ्या पोराचा हाय तो."

मी हात मागे घेतला. पलीकडे एक नंबरनं ठरल्याप्रमाणे वाढलेल्या ताटाला हात न लावता ताटाबाहेर रिकामी बोटं टेकवली. मग मीही माझ्या ताटातली भाकरी मोडली, एक घास केला आणि ताटाबाहेर ठेवला.

तात्यांनी कौतुकानं बघितलं. "वा! तुमच्यातबी काढत्यात? तुझा कुणाचा रं?"

"माझ्या वडलांचा," मी म्हणालो.

तात्या थोडा वेळ त्या दोन घासांकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "येतील की. रजा मिळाली की येतील. जेव तू."